मंगळाच्या दालनातला लाल-निळा चष्मा

मी एक जुना चष्मा आहे, मित्रांनो. तुमची हरकत नसेल तर माझी हकिकत मी आडवा पडूनच सांगतो. माझी डावी काडी बिजागरीपाशी मोडली आहे. तिला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, त्यामुळे घडी घालून ताठ बसण्याचे माझे दिवस संपले. शिवाय मी दमलोही आहे. तेरा-चौदा वर्षे मी लोकांच्या नाकांवर बसत आलो. नाक ही दिसायला साधी गोष्ट, पण तिच्यावर बसायला लागले की कळते. कुठले घसरगुंडीसारखे, कुठले घामट, कुठले सर्दीने वाहणारे. एका गृहस्थांना तर मी नाकावर असतानाच शिंक आली होती. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

मी वाचायचा चष्मा नाही आणि उन्हाचाही नाही. माझी डावी काच लाल आहे आणि उजवी निळी. मला घालून बाजारात गेलात तर लोक तुमच्याकडे बघून हसतील आणि तुम्हाला टोमॅटो कुठला आणि वांगे कुठले ते कळणार नाही. माझा उपयोग एकच. मी मंगळ दाखवतो.

एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला. साच्यातून चौकटी पडत होत्या आणि एक बाई त्यांत रंगीत काचा बसवत होत्या. दुसऱ्या बाई प्रत्येकाला ट्यूबलाइटसमोर धरून बघत आणि खोक्यात टाकत. माझ्या वेळी त्यांना जांभई आली होती, म्हणून मी दोनदा बघितला गेलो. तेवढेच माझे बालपण. मग दोनशे भावंडांबरोबर मी एका विज्ञान केंद्रात आलो आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मंगळाच्या दालनात माझी नेमणूक झाली.

दालन म्हणजे एक अंधारी खोली. बाकांच्या सहा रांगा, समोर भिंतभर पडदा, आणि भिंतीवर एक पंखा, जो मान फिरवताना दर वेळी डावीकडे कट्ट असा वाजे. पडद्यावर मंगळाचे फोटो येत. मंगळावर सहा चाकांची एक गाडी फिरते, हे तुम्ही ऐकले असेलच. तिच्यात माणूस नसतो. तिच्या उंच मानेवर दोन कॅमेरे असतात, एकमेकांपासून जवळजवळ हातभर अंतरावर. एकाच दगडाचे ती दोन फोटो काढते, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. तुमचे डोळेही हेच करतात. एक बोट नाकासमोर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. बोट इकडून तिकडे उडी मारते की नाही? ती उडी तुमचा मेंदू मोजतो आणि बोट किती जवळ आहे ते तुम्हाला सांगतो.

आमच्या पडद्यावर डाव्या कॅमेऱ्याचा फोटो लाल रंगात आणि उजव्याचा निळ्या रंगात, एकावर एक असे पडत. नुसत्या डोळ्यांनी तो सगळा गिचमिड काला दिसे. पण मला नाकावर चढवले की माझी लाल काच डावा फोटो डाव्या डोळ्याला देई, निळी काच उजवा फोटो उजव्याला देई, आणि पडदा नाहीसा होई. तिथे एक खिडकी उघडे. दगड उठून पुढे येत. टेकड्या मागे सरकत. चाकांचे ठसे वाळूत खरेच रुतलेले दिसत.

तेव्हा लोक जे काही बोलत, ते ऐकायला मला फार आवडे. "अगं बाई!" हा शब्द मी किमान दहा हजार वेळा ऐकला असेन. एका आजीबाईंनी मला स्वतःच्या चष्म्यावर चढवले आणि शेजारणीला म्हणाल्या, "एवढी जागा रिकामी पडलीय आणि आपण दोन खोल्यांत राहतो." ती माझी उमेदीची वर्षे होती.

आता मंगळकाकांबद्दल सांगतो, कारण माझी हकिकत खरे तर त्यांचीच आहे.

मंगळकाका आधी दालनात बाक पुसायचे, दारे उघडायची आणि सैल झालेल्या पंख्याला दोरीने बांधून ठेवायचे काम करत. माहिती सांगायला एक तरुण होता. तीन वर्षांनी तो दुसरीकडे नोकरीला गेला, तोही आदल्या दिवशी सांगून. दुसऱ्या दिवशी चाळीस माणसे बाकांवर येऊन बसली आणि सांगणारा कोणी नाही. काकांनी हातातले फडके खिशात कोंबले, समोरच्या खोक्यातून मला उचलले, डोळ्यांवर चढवले आणि पडद्यासमोर उभे राहिले.

"सरका मागे," ते म्हणाले. "पहिल्या रांगेतल्यांनी पाय वर घ्या. दगड येतोय."

त्या दिवसापासून लोक त्यांना मंगळकाका म्हणू लागले. त्यांनी माझ्या काडीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि मला कोणाला द्यायचे नाही असे ठरवून टाकले. ते सांगतही छान. "हा खडक बघा, पाव कापून ठेवलाय जणू. सुरी फिरलेली कड दिसते का? आणि हा कडा. इथून खाली चप्पल पडली तर आणायला जायचं नाही. घरी सांगायचं, हरवली." लोक हसत. शेवटी टाळ्या वाजत. केंद्राच्या मुख्य बाई बाहेरच्या पाहुण्यांना मुद्दाम घेऊन येत आणि म्हणत, "मंगळ बघायचा तर आमच्या काकांच्या डोळ्यांनी बघा."

हे ऐकले की मला कसेसेच होई. कारण काकांना ते दिसतच नव्हते.

डोळ्याच्या इतक्या जवळ बसणाऱ्याला सगळे कळते, मित्रांनो. पडद्यावरचा दगड पुढे आला की बघणाऱ्याचे दोन्ही डोळे किंचित आत वळतात, नाकाच्या दिशेने. काकांचा उजवा डोळा वळे. डावा जिथल्या तिथे राही. दिसायला तो अगदी धड होता, उजव्यासारखाच तपकिरी, पाणीदार. पण लाल काचेतून मी त्याला जे काही देई, ते तो घेतच नसे. काकांपुढे ना खिडकी उघडे, ना दगड पुढे येई. आधीच्या तरुणाचे तीन वर्षांचे बोलणे आणि शेकडो लोकांचे उद्गार ऐकून त्यांनी सगळे पाठ केले होते. कुठल्या फोटोला लोक दचकतात आणि कुठल्या फोटोला हात पुढे करतात, ते त्यांना माहीत होते. त्याच्या आधी अर्धा क्षण ते बोलत, म्हणून कोणाला शंका येत नसे.

संध्याकाळी दालन बंद व्हायच्या आधी ते कधीकधी पहिल्या बाकावर एकटे बसत. डावा डोळा मिटून बघत. काहीच बदलत नसे. मग उजवा मिटत. तेव्हा मात्र त्यांचा हात बाकाची कड धरायला धडपडे. थोडा वेळ तसेच बसत, मग मला पुसून खोक्यात ठेवत.

त्यांनी हे सांगितले असते तर ते पुन्हा बाक पुसायला गेले असते. आणि बाक पुसणाऱ्याला कोणी टाळ्या वाजवत नाही. मी त्यांना दोष देत नाही. अकरा वर्षे मीही गप्पच होतो.

मग एके दिवशी ते फसले. पडद्यावर फोटो लावायचे काम एक ताई करत. त्या दिवशी त्यांनी नवा फोटो लावला होता. मंगळावरच्या गाडीने खडकाला एक गोल भोक पाडले होते, त्याचा तो फोटो. समोर एका शाळेचा वर्ग बसला होता.

"बघा, केवढं खोल!" काका म्हणाले. "बोट घातलं तर दोन पेरं आत जाईल."

वर्गात कुजबुज झाली. एक मुलगी म्हणाली, "काका, भोक कुठंय? तो तर फोड आहे."

"बेडूक बसलाय!" मागून कोणीतरी ओरडले.

काका हसले. "नीट बघा रे. भोक आहे ते."

"नाही हो," वर्गाच्या बाईही म्हणाल्या. "मलाही फुगवटाच दिसतोय."

झाले होते असे की घाईत ताईंच्या हातून डावा फोटो उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेला होता. अशी अदलाबदल झाली की सगळे उलटे होते. खोल आहे ते वर येते, वर आहे ते आत जाते. दालनातल्या प्रत्येकाला ते उलटे दिसत होते. एका डोळ्याने नुसत्या उजेड-सावलीवरून अंदाज बांधणाऱ्या माणसाला तेवढे सुलटे.

काकांनी मला उतरवले आणि उजेडाकडे धरून इकडून तिकडून बघितले. "चष्माच बिघडलाय हो माझा," ते म्हणाले. "म्हातारा झाला बिचारा. मालकासारखा."

सगळे हसले. ताई नाही हसल्या. फोटो सरळ करून त्या काकांजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काका, चष्मा बिघडला तर अंधुक दिसेल. भोक कसं दिसलं तुम्हाला?"

"म्हटलं ना, बिघडलाय म्हणून," काका जरा चढ्या आवाजात म्हणाले. आणि त्यांनी मला जिन्याखालच्या खोक्यात टाकून दिले.

त्या खोक्यावर 'निकामी' असे लिहिलेले होते. आत तडकलेले, वाकलेले, एका काचेचे चष्मे होते. मी त्यांच्यात धडधाकट पडलो होतो. चार महिने माझ्यावर धूळ बसत होती. वरून पावलांचा आवाज येई, कधीकधी टाळ्यांचाही. काकांनी दुसरा चष्मा घेतला होता. खरे सांगतो, राग मला टाकल्याचा नव्हता. टाकून देणे आमच्या नशिबी असतेच. माझी काहीही चूक नसताना मला बिघडलेला म्हटले, ते मला लागले.

पुढे सुट्टीचे दिवस आले. दालनात तोबा गर्दी. चष्मे पुरेनात. त्या गर्दीत एक आई होती. घरी शिलाई मशीनवर कपडे शिवणारी. तिच्या बोटाला टोचल्याच्या खुणा होत्या आणि पर्समध्ये मोजपट्टी होती. बरोबर दहा वर्षांचा दादा आणि सहा वर्षांची बबडी. दादाने चष्मा घातला आणि लगेच ओरडला, "आयला, दगड नाकावर येतोय!"

"मला नाही दिसत," बबडी म्हणाली.

आईने तिचा चष्मा बदलून घेतला.

"नाहीच दिसत."

"सरळ बघ ना, बबडे. सगळ्यांना दिसतंय. धडपडी ती धडपडी, त्यात आता बघताही येत नाही का? चांगला एखादा द्या हो हिला," आई काकांना म्हणाली.

काका जिन्याखाली आले आणि त्यांनी खोके उपसले. माझा पांढरा ठिपका बघून ते घटकाभर थांबले. खोक्यात धड असलेला मी एकटाच आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? त्यांनी मला सदऱ्याने पुसले, वर नेले आणि बबडीच्या एवढ्याशा नाकावर ठेवले.

मी बसलो मात्र, मला कळले. हिचा डावा डोळा लगेच माझ्याशी बोलू लागला. उजव्याने ओळखच दाखवली नाही. काकांचा डावा, हिचा उजवा. एवढाच फरक.

पुढचा फोटो आला. दादा म्हणाला, "बाप रे, केवढा कडा!" आणि त्याच्या पाठोपाठ बबडीही म्हणाली, "बाप रे, केवढा कडा!"

"दिसला ना?" आई म्हणाली. "उगाच नखरे करत होती."

"दिसला," बबडी म्हणाली. तिचे डोळे पडद्याकडे नव्हतेच. ती दादाच्या तोंडाकडे बघत होती.

काका तिथेच उभे होते. बबडीचा तो उशीर त्यांनी ऐकला. दालनात आणखी साठ माणसे होती, कोणालाच तो ऐकू आला नसता. ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"बाळ, एक गंमत करू या? हा डोळा हातानं झाक." त्यांनी तिचा उजवा हात तिच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. बबडी मजेत बसून राहिली. "आता दुसरा." डावा डोळा झाकल्याबरोबर तिने मान मागे घेतली आणि हात झटकला. "नको, अंधार होतो."

काका उठले. ते आईकडे वळले.

"ताई, हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. लवकर. उजव्या डोळ्यानं हिला जवळजवळ दिसत नाहीये."

"काहीतरीच काय?" आई म्हणाली. "आत्ता तर म्हणाली, दिसतंय. आणि आधीचे चष्मे खराब होते तुमचे. हाही तसलाच असेल."

"हा चष्मा चांगला आहे."

फोटोंच्या यंत्रापाशी बसलेल्या ताईंनी मान वर केली. "पण काका, हा तर तुमचाच ना? बिघडला म्हणून टाकलेला?"

गडबड ऐकून मुख्य बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे बघितले, मग ताईंकडे. आजही 'हो, बिघडलाय' म्हणाले असते तर सगळे मिटले असते. आईने मुलीला घरी नेले असते. अकरा वर्षांच्या टाळ्या शाबूत राहिल्या असत्या. पंखा कट्ट करून वाजला. पुन्हा फिरून आला आणि पुन्हा वाजला.

"नव्हता बिघडला," काका म्हणाले. "मी खोटं बोललो. मला हे दिसत नाही. कधीच दिसलं नाही. माझा डावा डोळा लहानपणापासून असाच आहे."

"अकरा वर्षं?" मुख्य बाईंनी विचारले.

"हो."

"न बघता सांगत होतात?"

"बघत होतो, बाई. खोलपणा तेवढा दिसत नव्हता." मग ते आईकडे वळले. "लहानपणी मला चेंडू झेलता यायचा नाही. थेट तोंडावर यायचा. सगळे वेंधळा म्हणायचे, मीही तेच समजलो. तिशीत डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, सहा-सात वर्षांचे असताना आणलं असतं तर काही करता आलं असतं. आता उशीर झाला. ताई, तुमची मुलगी सहा वर्षांची आहे."

आईचा चेहरा लाल झाला. सगळे दालन तिच्याकडे बघत होते. "माझ्या पोरीत खोट काढणारे तुम्ही कोण?" ती म्हणाली. "तुम्ही काय डॉक्टर आहात? स्वतः खोटं बोलायचं आणि लोकांना शहाणपण शिकवायचं!" तिने दोन्ही मुलांचे हात धरले आणि तरातरा निघाली. मी बबडीच्या नाकावरच राहिलो. तिच्या लक्षात आले नाही, आईच्याही नाही. अशा रीतीने मी चौदा वर्षांत पहिल्यांदा घराबाहेर पडलो. ऊन लाल होते आणि निळेही.

त्यांच्या घरी खिडकीपाशी शिलाई मशीन होते आणि मशीनशेजारी बटणांचा डबा. मला डब्यावर ठेवून दिले. दोन दिवस आई त्या विषयावर चकार शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दादा खेळायला गेला होता. तिने मशीन थांबवले आणि बबडीला जवळ बोलावले. डब्यातले एक बटण तळहातावर घेतले.

"याला भोकं किती आहेत? दोन का चार?"

"चार."

आईने तिचा उजवा डोळा झाकला, बटण बदलले. "आता?"

"दोन."

मग तिने डावा झाकला. पुन्हा बटण बदलले. बबडी पुढे वाकली, आणखी वाकली, तिचे नाक बटणाला लागले.

"सांग ना."

"तू हात काढ ना आधी."

"तू सांग."

"चार?" बबडी म्हणाली. मग आईचा चेहरा बघायला धडपडत, "दोन?"

त्या बटणाला भोकेच नव्हती. मागे कडी असलेले बटण होते ते. आईने हात काढला आणि मुलीला पोटाशी धरले. "आणि मी तुला धडपडी म्हणत होते," एवढेच ती म्हणाली. त्या दिवशी मशीन पुन्हा चालले नाही.

डॉक्टरांकडे मी गेलो नाही. पण आल्यावर आईने शेजारणीला सगळे सांगितले, ते मी ऐकले. डोळा निरोगी आहे, पण मेंदू त्याचे ऐकत नाही. म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावेच लागेल. महिनोन् महिने. वेळेवर आणलेत, असे डॉक्टर म्हणाले होते. कोणी ओळखले, असेही त्यांनी विचारले होते.

"काय सांगितलंस?" शेजारणीने विचारले.

"सांगितलं, एका माणसानं," आई म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली. तो काही केल्या ओवला जाईना.

त्यानंतरचे महिने काही मजेचे नव्हते, मित्रांनो. पट्टी लावली की बबडीला जग धुक्यात जाई. ती दाराच्या चौकटीला धडके, भाजीऐवजी पाण्याच्या भांड्यात हात घाली. शाळेत मुले तिला समुद्री चाचा म्हणत. एका संध्याकाळी ती दादाच्या दप्तराला अडखळून पडली आणि दादा हसला. तेव्हा तिने हाताला लागेल ते उचलून भिंतीवर फेकले. हाताला मी लागलो. माझी डावी काडी गेली ती तेव्हा.

आईने ती चिकटपट्टीने बांधली. बबडी रडून झाल्यावर माझ्याजवळ आली. माझ्या लाल काचेवर तिने आपली एक पट्टी चिकटवली आणि म्हणाली, "आता तू पण लाव. एकटीनंच का लावायची?" पुढचे कितीतरी दिवस आम्ही दोघे पट्टी लावून खिडकीत बसत असू. ती जुन्या मासिकातली अक्षरे ओळखे आणि मी अंधारात विश्रांती घेई. ती पट्टी काढताना काचेवरचा रंग थोडा उचकटला. त्यामुळे आता मंगळ दाखवणेही मला जमत नाही. पण ते दिवस मला वाईट आठवत नाहीत.

वर्ष होत आले तेव्हा एका रविवारी आईने मला पर्समध्ये घातले आणि आम्ही सगळे विज्ञान केंद्रात गेलो.

मी नव्हतो तेव्हा काय घडले ते इतर चष्म्यांनी मला नंतर सांगितले. मुख्य बाईंनी काकांना काढले नाही. ओरडल्याही नाहीत. त्यांनी फक्त सांगायचे काम ताईंना दिले. काकांना दाराशी स्टूल मिळाले आणि चष्मे वाटायचे, गोळा करायचे, पुसायचे काम. ताई माहिती बरोबर सांगतात. टाळ्या मात्र कमी झाल्या आहेत. काका बाहेर बसून त्या ऐकतात. बाहेर येणाऱ्या प्रत्येक मुलाला ते एकच विचारतात, "दिसलं का? खरं सांग हं." पहिल्यांदा मुख्य बाईंनी याला हरकत घेतली होती. वर्षभरात तीन मुले 'नाही' म्हणाली. मग त्यांनी हरकत घेणे सोडले.

आई स्टुलासमोर येऊन उभी राहिली. ती वाटेत काय काय घोकत आली होती कोणास ठाऊक, पण तिथे पोहोचल्यावर तिने मला पर्समधून काढले आणि पुढे केले.

"हा तुमचा राहिला होता आमच्याकडे."

काकांनी मला ओळखले. पांढरा ठिपका अजून होता. "मोडलाय की."

"हो. हिनं फेकला."

"फेकणारच," काका म्हणाले. त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला, जिथे तो कधी फिरवू नये तिथेच, बरोबर काचेवर. मी काही बोललो नाही.

"फळ्यावरचं वाचते आता त्या डोळ्यानं," आई म्हणाली. "डॉक्टरांच्या तक्त्यावर वरून चार ओळी. आधी एकसुद्धा..." काकांनी तीन चांगले चष्मे निवडून दिले आणि ती तिघे आत गेली.

पाव तासाने बबडी एकटीच आधी बाहेर आली. चष्मा हातात होता.

"दिसलं का?" काकांनी विचारले. "खरं सांग हं."

"नाही," बबडी मोठ्याने म्हणाली. दारात उभ्या असलेल्या रांगेतल्या लोकांनी वळून बघितले. तिला त्याचे काही वाटले नाही. "दादाला दिसलं. मला अजून नाही दिसत. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा नाही येणार, सांगता येत नाही. तुम्हाला दिसलं का?"

"मला पण नाही."

बबडीने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितले, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने. "मग तुमची पट्टी कुठंय?"

"माझं वय गेलं, बाळ. ती लहानपणी लावायची असते."

"तुम्ही लहान होतात तेव्हा कुणाला सांगितलं नाहीत?"

"नाही."

"का?"

काका मला पुसत होते. पुसण्यासारखे माझ्यावर आता काही उरलेले नाही, तरी पुसतच राहिले. "सगळ्यांना दिसत होतं ना," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं, मीच नीट बघत नाही."

बबडी स्टुलाच्या कडेला त्यांना टेकून उभी राहिली. आतून ताईंचा आवाज येत होता. आई आणि दादा बाहेर येईपर्यंत ती दोघे तशीच होती.

आता मी काकांच्या टेबलाच्या खणात असतो. माझे काम संपले आहे आणि खरे सांगायचे तर मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही. थकलेल्याला खणातला अंधार बरा वाटतो. फक्त दोन मागण्या आहेत, त्या करतो आणि थांबतो.

पहिली माझ्या भावंडांसाठी. चष्मा दोन हातांनी घाला, दोन हातांनी काढा आणि काचेला बोटे लावू नका. आम्ही साधे प्लास्टिकचे असलो तरी आमच्यामागून कोणीतरी बघणार असते.

दुसरी तुमच्यासाठी. मित्रांनो, शेजारच्याला दिसले म्हणून तुम्हीही 'दिसले' म्हणू नका. वर्गात फळा दिसत नसेल, चेंडू हातात येत नसेल, सगळे 'बाप रे' म्हणत असताना तुमच्यासमोर नुसता रंगांचा काला असेल, तर जवळच्या मोठ्या माणसाचा हात ओढा आणि सांगा. तो म्हणेल, नीट बघ. तुम्ही पुन्हा सांगा. लोक वळून बघतील, हसतीलही. हसू द्या. ते घरी जाऊन विसरतील. डोळे मात्र तुमच्याबरोबर राहणार आहेत.